माने सरांची एकच अट

माने सरांवर सिनेमा निघणार ही बातमी मला स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी कळली आणि मी हसलो. सर शेजारीच बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशीवरून रुमाल फिरवला आणि म्हणाले, "हसा प्रोफेसर, हसा. मलाबी पहिल्यांदा हसूच आलं."

आमच्या वाशीच्या कॉलेजात ते पी.टी.चे शिक्षक होते. मी अर्थशास्त्र शिकवायचो, पण त्यांच्या लेखी वर्गात उभं राहून बोलणारा प्रत्येक जण 'प्रोफेसर'. मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या एका तालमीच्या संघातून अनवाणी फुटबॉल खेळत वाढलेले. मुंबईत कुठल्याशा कंपनीच्या संघात काही वर्षं काढली, गुडघा गेला, आणि खाडीवरचा पूल होऊन नवी मुंबई वसायला लागली तसे ते इकडे आले. कॉलेजचं मैदान म्हणजे मिठागराच्या कडेला भराव टाकून केलेला एक तुकडा. अर्ध्यात गवत, अर्ध्यात मुरूम. सरांना ते पसंत होतं. "मुरमात पडलं की पोरगं पुन्हा पडत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

बुटके, रुंद, पोटऱ्या खांबासारख्या. पँट गुडघ्याखाली दुमडलेली, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पावसातसुद्धा काही नाही. बॉलला ते कधी बॉल म्हणाले नाहीत, चेंडूच म्हणायचे. शिट्टी गळ्यात असायची, पण वाजवायचे नाहीत. हाक मारायचे, आणि ती हाक पार सायन्सच्या इमारतीत ऐकू जायची. "पळायलाईस की वरातीत चाललाईस?" हे वाक्य माझ्या मागणी-पुरवठ्याच्या तासाला खिडकीतून इतक्यांदा आत आलं की पोरं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. मी तक्रार करायला गेलो, तर मलाच म्हणाले, "खिडकी लावून घ्या की."

मी नवा, लग्न न झालेला आणि नाही म्हणायला न शिकलेला, म्हणून प्राचार्यांनी मला जिमखाना समितीत टाकलं. माझं काम पत्रव्यवहाराचं. पहिल्याच बैठकीत सरांनी मला एक पत्र लिहायला सांगितलं. आंतरकॉलेज स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती करायची, की आमचे सगळे सामने नारळी पौर्णिमेच्या आत घ्या.

मला वाटलं, काही नवस वगैरे असेल. तसं काही नव्हतं. सरांच्या संघातली निम्मी पोरं बेलापूरच्या खाडीकाठच्या दिवाळे गावची कोळ्यांची. जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच पाण्यात जातात. आणि मुंबईकडे फुटबॉल खेळतात ते नेमकं याच पावसाळ्यात. म्हणजे मैदानं चिखलाने भरलेली असतात तेव्हा कोळ्यांच्या पोरांचे हात रिकामे असतात. दोन महिने जाळी विणण्यापलीकडे काम नाही, अंगात रग, आणि चिखलात तर ती जन्मापासून पळत आलेली. सरांनी हे पहिल्याच वर्षी हेरलं आणि त्या गावात तळ ठोकला. घराघरांत जाऊन पोरं कॉलेजात भरती केली. मोबदल्यात एक शब्द दिला. पौर्णिमा झाली की पोर बापाचं. त्यानंतर स्पर्धा कुठेही असो, मी कुणाच्या दारात पोर मागायला येणार नाही.

तो शब्द त्यांनी पाळला. त्यामुळे आमचं कॉलेज दर वर्षी पौर्णिमेपर्यंत जिंकायचं आणि पौर्णिमेनंतर हरायचं. दुसऱ्या कॉलेजांचे लोक चेष्टा करायचे, आमचे प्राचार्य चिडायचे. सर उरलेली पोरं घेऊन जायचे, चार-पाच गोल खाऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात हजर.

सामना झाल्यावर त्यांचा एक रिवाज असे. हरलो असू किंवा जिंकलो, पोरांना गोल करून जमिनीवर बसवायचं आणि प्रत्येकाने आपलं काय चुकलं तेवढंच बोलायचं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. कुणी चूक सांगितली की बाकीच्यांनी गप्प बसायचं. 'जाऊ दे रे' म्हणायचं नाही, समजूत काढायची नाही. चूक ज्याची त्याच्याकडे राहू द्यायची. एकदा खेळाडूंची ओळखपत्रं मी घरीच विसरलो आणि सामना सुरू व्हायला उशीर झाला. सामना संपल्यावर सरांनी मला बोटाने खूण करून खाली बसवलं. इस्त्रीची पँट, समोर माझेच विद्यार्थी. मी म्हणालो, "माझी ओळखपत्रं राहिली." कुणी हसलं नाही, कुणी काही बोललं नाही. सरांनी मान हलवली आणि पुढच्या पोराकडे वळले. उठलो तेव्हा मला चक्क हलकं वाटत होतं.

त्या संघात दामोदर नावाचा पोरगा होता. दामा. पुढच्या फळीत खेळायचा. दिसायला किडकिडीत, पण चेंडू पायाशी आला की मैदानावर तो एकटाच असल्यासारखा वागायचा. बाप बाळा कोळी, आई हिराबाई. सरांचं त्या घरात जाणं-येणं होतं. जेवायला बसले की गंमत असे. सर मटणावर वाढलेले, मासे खाता येत नसत. काटा अडकला की डोळे मोठे करून बसायचे. हिराबाई मग त्यांच्या ताटातला मासा सोलून द्यायची आणि म्हणायची, "सर, तुमी पोरांना शिकवताव, तुमाला कोन शिकवल?"

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचंय, त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो आणि तो पौर्णिमेच्या आधी होता. पण मैदानात गुडघाभर पाणी. सामना पुढे गेला, परत पुढे गेला, आणि शेवटी पौर्णिमा उलटून गेल्यावरची तारीख आली. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. कॉलेज नवं आहे, नाव होईल, एवढं एक वर्ष बघा. सर ऐकून बाहेर आले. संध्याकाळी मला म्हणाले, "प्रोफेसर, दिवाळ्याला चला. तुम्ही बरोबर असलासा तर मी पोर मागणार न्हाई."

आम्ही गेलो. बाळा दारात जाळ्याच्या दोराला गाठी मारत बसला होता. दुसऱ्या दिवशी, नेमकी सामन्याच्याच दिवशी, होडी जायची होती. बाळा, त्याचा मेहुणा आणि दामा, अशी तिघांची होडी. इकडचं तिकडचं बोलणं झालं. चहा झाला. आम्ही उठलो, चपला घातल्या, आणि उंबऱ्यावर उभं राहून सरांनी मागितलं.

"बाळा, एका सामन्यापुरता दामा देशील का?"

बाळाने हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाला, "इतक्या वर्सान तुमी काय मांगला नाय सर. आज मांगलाव तं नाय कसा बोलू? नेवा पोराला."

"होडीचं काय करशील?"

"दोघा जाव. पयलीच खेप हाय, लांब नाय जानार."

परतताना सर बसमध्ये खिडकीपाशी बसले होते. वाशीला उतरताना म्हणाले, "मागायला नको हुतं." मी म्हटलं, त्याने राजीखुशीने दिलंय. ते पाठ फिरवून चालायला लागले.

सामना आम्ही एक-शून्यने जिंकला. गोल दामाचा. येताना बसमध्ये पोरांनी बाकं बडवून बडवून गाणी म्हटली. सर पुढे ड्रायव्हरच्या मागे कप मांडीवर घेऊन बसले होते. दिवाळ्याच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा गावातली माणसं रस्त्यावर उभी होती. पोरांना वाटलं, आपल्या स्वागताला आलीत. दामाने दारातूनच हात वर केला. खाली कुणीच हात वर केला नाही.

बाळा गेला होता. जाळं ओढताना दोरात पाय अडकून पाण्यात पडला. मेहुण्याच्या एका हातात सुकाणू, वारा सुटलेला. त्याने दोर धरून बघितला, पण होडी सांभाळणं आणि माणूस ओढणं ही दोन माणसांची कामं. तो मेहुणा तिथेच रस्त्यावर बसलेला होता, अंगावरचे कपडे अजून ओले. सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "तिसरा मानूस असता तं खेचला असता."

त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं. झालं ते सांगितलं. आणि नंतर आयुष्यात परत कधी म्हटलं नाही. सरांच्या हातात कप होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो माझ्याकडे दिला आणि दामाच्या मागे गावात गेले.

दिवसकार्य झाल्यावर सरांनी पोरांना मैदानात गोल करून बसवलं. मीही होतो. त्या दिवशी त्यांनी कुणाला विचारलं नाही, आधी स्वतःच बोलले. "माझं चुकलं. दिलेला शब्द मोडून मी पोर मागितलं." आणि ते थांबले. रिवाजाप्रमाणे आता सगळ्यांनी गप्प बसायचं होतं. पण पोरं गप्प बसली नाहीत. 'नाही सर', 'तुमचं काय चुकलं सर', 'नशिबाचा खेळ सर' असं सगळीकडून सुरू झालं. सगळ्यात मोठ्याने दामाच बोलला. "सर, बाबानी आपल्या मनान पाटवला मना." सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चला, मैदानाला दोन फेऱ्या." तो रिवाज त्या दिवशी बंद पडला.

त्यानंतर सर मोठे होत गेले, असं म्हणायला हवं. त्या कपामुळे कॉलेजचं नाव झालं, लांबून लांबून पोरं यायला लागली, आणखी कप आले. सरांची पोरं राज्याच्या संघात गेली, कंपन्यांत लागली. वर्तमानपत्रांत फोटो आले. दामाला बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी मिळाली. तो परत होडीवर गेला नाही. सर शिकवायचे पूर्वीसारखंच, हाका मारायचे तशाच, पण मला वाटायचं की आतलं काहीतरी बंद करून ठेवलंय. जिंकल्यावर पोरं त्यांना खांद्यावर घ्यायची तेव्हा ते खांद्यावर बसायचे आणि उतरवलं की उतरायचे. चेहऱ्यावर काही नसे. मी विचारून बघितलं होतं एकदा, तर म्हणाले, "काय वाटतच न्हाई हो प्रोफेसर. दुखलं असतं तर बरं झालं असतं."

दर वर्षी पौर्णिमेला ते दिवाळ्याला जायचे. मला माहीत होतं, हिराबाईसमोर त्यांना तेच वाक्य बोलायचं असायचं, 'माझं चुकलं'. ते सुरुवात करायचे. ती मासा सोलून त्यांच्या पानात ठेवायची. "आदी खावा सर. तुमच्यामुलं पोर नोकरीला लागला माजा, पान्यान नाय गेला." आणि ते खायला लागायचे. मेहुण्याशी बोलायला जायचे, तर तो विडी पुढे करायचा. प्राचार्य म्हणायचे, माने, तुम्ही फार मनाला लावून घेता. सगळ्यांनी इतक्या प्रेमाने त्यांची चूक नाकारली की ती ठेवायला त्यांना जागाच राहिली नाही.

आणि मग सिनेमा. काढणारा किशोर, सरांच्याच संघातला राखीव खेळाडू. राखीव म्हणजे पक्का राखीव; चार वर्षं बाकावर बसला. पुढे पनवेलला रेती-विटांच्या धंद्यात चांगला वर आला आणि सरांवर त्याची भक्ती होती. दादरचा एक दिग्दर्शक गाठून तो सरांकडे आला. सरांनी मला बोलावून घेतलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "काढ. मला वाघ दाखव, न्हाईतर देव दाखव, माझं काय म्हणणं न्हाई. माझी एकच अट हाय. बाळाच्या दारात मी पोर मागितलं, ते दाखवायचं. आन् त्याचा मेव्हणा रस्त्यावर जे बोलला, ते शब्द तसेच पाहिजेत."

"सर, टेन्शनच नका घेऊ," किशोर म्हणाला. "तुमी बोलाल तसंच होनार."

तसंच झालंही. दिवाळ्यात शूटिंग झालं तेव्हा मी सरांबरोबर होतो. बाळाचं काम करणारा नट मुंबईचा, उंचीला बाळापेक्षा जास्त. हिराबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग पुढे होऊन त्याचा डोक्याचा रुमाल सोडला आणि नीट बांधून दिला. दारातला प्रसंग झाला, रस्त्यावरचा झाला. 'तिसरा मानूस असता तं खेचला असता', हे वाक्य दिग्दर्शकाने परत परत म्हणवून घेतलं. खरा मेहुणा गर्दीत मागे उभा होता, तो खाली बघत होता. सर मात्र दर वेळी मान हलवायचे. त्या संध्याकाळी मला ते खूप वर्षांनी पहिल्यांदा भुकेले दिसले. बसमध्ये म्हणाले, "आता थेटरात सगळ्यांसमोर हुईल. कुणाला मध्ये बोलता येणार न्हाई."

पनवेलच्या थिएटरात पहिला खेळ होता. हिराबाईला आणि दामाला आणायला सर स्वतः गेले. हिराबाई नवी साडी नेसून, केसांत अबोलीची वेणी घालून आली. सिनेमा तिने जन्मात एक-दोनदाच बघितला असेल. सरांनी तिला आपल्या शेजारी बसवलं, पलीकडे दामा. मी त्यांच्या मागच्या रांगेत होतो.

सिनेमा जसा असतो तसा होता. पडद्यावरचे माने सर गोरे, उंच आणि फार बोलणारे होते. आमची पोरं शिट्ट्या मारत होती. मध्यंतर झालं, अंतिम सामन्याच्या पुढे ढकललेल्या तारखा झाल्या, प्राचार्यांनी बोलावलं तेही झालं. मला माने सरांची मान दिसत होती. ते पुढे सरकून बसले होते.

बाळाचं दार आलंच नाही. एकदम मैदान आलं. सामना चाललाय, दामा चेंडू घेऊन पळतोय, आणि मैदानाच्या कडेला, हिराबाईने बांधून दिलेला तोच रुमाल डोक्याला बांधून, बाळा कोळी उभा आहे. गोल झाला. बाळाने दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या, धावत येऊन पोराला मिठी मारली. थिएटरात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

सर उठून उभे राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, बसा खाली." हिराबाईने पडद्यावरची नजर न काढता त्यांचं मनगट धरलं.

"सर, बसा. बगू द्या मना."

ते बसले. पुढचा सिनेमा कसा संपला ते मला आठवत नाही.

बाहेर किशोर हार घेऊन उभा होता. सरांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "सीन कुठं गेला?" किशोरचे डोळे भरून आले. "सर, मी तुमची बदनामी कशी करू? दिग्दर्शक पन बोलला, पब्लिकला ते पटनार नाही. काढून टाकला. सर, तुमी आमचे देव आहात." सरांनी हार घालून घेतला. रागावतील, हार तोडून टाकतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी काहीच केलं नाही. मलाही, खरं सांगायचं तर, त्या वेळी काही वाटलं नाही.

हिराबाई जवळ आली. दामा तिचा हात धरून होता आणि त्याला कुणाकडे बघवत नव्हतं. ती म्हणाली, "सर, यांनी पोराची एक पन म्याच कदी बगली नाय. दरवर्सी बोलत, पुढच्या साली जाव. आज बगली." मग म्हणाली, "उद्या पन हाय का हा सिनेमा?"

"हाय," सर म्हणाले.

"मना उद्या आनाल? दामाला कंपनीन जायचा हाय."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी पनवेलची बस पकडली. का गेलो ते सांगता येणार नाही. खेळ सुरू झाला होता. थिएटर अर्धं रिकामं, पंखे चालू. डोळे अंधाराला सरावल्यावर मला ते दोघं दिसले, मधल्या रांगेत, कालच्याच बाजूला. मी मागे जाऊन बसलो. त्यांनी मला पाहिलं नाही. हिराबाईने कापडी पिशवीतून काहीतरी काढून सरांच्या हातावर ठेवलं, चणे-फुटाणे असावेत. सर एकेक करून खात होते.

मैदान आलं. दामा पळायला लागला. हिराबाई पुढे वाकली आणि तिने सरांच्या कोपराला हात लावला.

"बगा सर. आले."

सरांच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड होता. ते तोंडातलं चावायचे थांबले.

"व्हय," ते म्हणाले, "आला."